प्रकल्प नोंदी: नायट्रिक ऑक्साइड आणि कलेजीतलं पी-४५०

१० जून २०२४

एम. फार्म.च्या प्रबंधाचा विषय पक्का झाला. आढावा-लेखांत एक वाक्य सारखं भेटतं: संसर्ग झाला की शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू वाढतो आणि यकृतातलं सायटोक्रोम पी-४५० (औषधं मोडणारं एन्झाइम) दबतं. मार्गदर्शक मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "दबतं म्हणजे नक्की काय गं? तात्पुरतं थांबतं, कायमचं बिघडतं, की नवीन तयार व्हायचंच बंद होतं?" तिन्ही गोष्टींना लोक एकच क्रियापद वापरतात, हे तेव्हा लक्षात आलं. हेच सुटं करायचं. परीक्षानळीत जेवढं सुटतं तेवढं प्रयोगाने, उरलेलं वाचनाने.

१२ जून

पाया एकदा लिहून ठेवते, म्हणजे ज्युनिअर मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही.

पी-४५० हे एक एन्झाइम नाही, कुटुंब आहे. माणसात या कुटुंबाची ५७ कार्यक्षम जनुकं आहेत. औषधांच्या बाबतीत त्यातली मोजकीच महत्त्वाची ('सीवायपी' हे सायटोक्रोम पी-४५०चंच लघुरूप): सीवायपी-३ए४, २डी६, २सी९, २सी१९, १ए२, २बी६ वगैरे. सगळ्यांच्या पोटात हीम (हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच कडं), हीमच्या मध्यभागी लोह. लोहाला एका बाजूने सिस्टीनचं गंधक धरून असतं. समोरची जागा ऑक्सिजनसाठी. औषध जवळ येऊन बसतं, ऑक्सिजन लोहावर येतो, एनएडीपीएच या पेशीतल्या रेणूकडून इलेक्ट्रॉन मिळतात आणि औषधावर एक ऑक्सिजन अणू चढतो. मग ते पाण्यात जास्त विरघळतं आणि शरीराबाहेर काढता येतं.

नाव पडलं रंगावरून. लोहाला क्षपित करून (इलेक्ट्रॉन देऊन) कार्बन मोनॉक्साइड दिला की ४५० नॅनोमीटरला शिखर येतं. ओमुरा आणि सातो यांनी १९६२ मध्ये हे नाव दिलं.

आता आपला वायू. कार्बन मोनॉक्साइड फक्त फेरस (क्षपित) लोहाला चिकटतो. नायट्रिक ऑक्साइड फेरस आणि फेरिक (ऑक्सिडीकृत) दोघांनाही. म्हणजे एन्झाइम कामाच्या चक्रात कुठल्याही टप्प्यावर असो, हा त्याला गाठू शकतो.

आणि गंमत अशी की नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं एन्झाइम, नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, स्वतःच पी-४५०च्या घराण्यासारखं आहे. तेच हीम, तोच गंधकाचा धागा. १९९१ मध्ये ब्रेट आणि स्नायडर यांच्या गटाने मेंदूतल्या सिंथेजचं जनुक वाचलं तेव्हा त्याचा एक भाग पी-४५० रिडक्टेजशी जुळला. म्हणून सिंथेजलाही स्वतःच्याच उत्पादनाचा त्रास होतो. त्याचा नायट्रिक ऑक्साइड त्याच्याच हीमवर जाऊन बसतो.

१७ जून

दिवसभर जुने पेपर. क्रम लावला तर वादाचा आकार दिसतो.

१९७५: एबेल, ओकीफ आणि पीटरसन दाखवतात की यकृताच्या मायक्रोसोममधल्या (पेशी वाटल्यावर मिळणाऱ्या, पडद्याच्या बारीक कणांमधल्या) पी-४५०ला नायट्रिक ऑक्साइड बांधतो. तेव्हा हा वायू शरीरात तयार होतो हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांना तो लोहाची चौकशी करायचं एक साधन म्हणून हवा होता. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारा रेणू हाच, हे सिद्ध झालं आणि १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं.

१९९३ साल आपल्यासाठी मोलाचं. विंक आणि सहकाऱ्यांनी नळीत दाखवलं की नायट्रिक ऑक्साइडने पी-४५० थांबतं, आणि त्या थांबण्यात एक परतणारा आणि एक न परतणारा असे दोन भाग आहेत. त्याच वर्षी खात्सेन्को, ग्रॉस, रिफकाइंड आणि वेन यांनी उंदरांना (पांढऱ्या मोठ्या उंदरांना, रॅटना) जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (संसर्गासारखा दाह पेटवणारं विष) दिलं. पी-४५०चं काम घसरलं. सिंथेज अडवणारं औषध सोबत दिलं तर घसरण बरीचशी टळली. निष्कर्ष सरळ होता: मध्यस्थ नायट्रिक ऑक्साइड.

मग १९९८. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात स्यूअर आणि मॉर्गन यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात दाहाच्या वेळी चालणाऱ्या सिंथेजचं जनुकच नव्हतं. एंडोटॉक्सिन दिलं. पी-४५०चे संदेश-आरएनए तरीही कोसळले, प्रथिनंही कमी झाली. म्हणजे उत्पादन बंद पडायला नायट्रिक ऑक्साइड लागतोच असं नाही.

दोन्ही प्रयोग खरे आहेत. एकाने एन्झाइमचं काम मोजलं, दुसऱ्याने एन्झाइम बनवण्याची सूचना मोजली. मॅडमचा प्रश्न इथेच बसतो.

२१ जून

हे सगळं रुग्णाच्या अंगाला कुठे लागतं, यावर प्रस्तावनेची दोन पानं हवीत. उदाहरण थिओफिलिनचं घेते. दम्याच्या जुन्या रुग्णांना डेरिफायलिन माहीत असतं. त्यात एटोफायलिनच्या जोडीला थिओफिलिन आहे. हे औषध मुख्यतः सीवायपी-१ए२ मोडतं आणि त्याची सुरक्षित पट्टी अरुंद: पाठ्यपुस्तकी आकडा रक्तात मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम. त्यावर गेलं की मळमळ, धडधड, वाईट वेळी आकडी.

१९८० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात इन्फ्लुएन्झा-बीची साथ आली, तेव्हा नेहमीच्याच मात्रेवर असलेल्या दम्याच्या मुलांमध्ये थिओफिलिनची विषबाधा दिसली. १९८२ मध्ये ते छापून आलं. मात्रा बदलली नव्हती, औषध बाहेर टाकण्याचा वेग बदलला होता. १९९४ मध्ये शेडलॉफ्स्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना थोडं एंडोटॉक्सिन देऊन तेच दाखवलं: अँटिपायरिन, हेक्सोबार्बिटाल, थिओफिलिन, तिन्हींचा निचरा मंदावला.

ताप आणि औषध यांचं नातं पक्कं आहे. त्यात नायट्रिक ऑक्साइडचा वाटा किती, हे वेगळं. प्रस्तावनेत ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत.

२६ जून

वायू आणायचा कुठून? सिलिंडर नको. ऑक्सिजन लागला की त्याचा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि आमच्या धूर-कपाटाचा पंखा त्या लायकीचा नाही. मग दाता-संयुगं, म्हणजे द्रावणात हळूहळू हा वायू सोडणारी.

स्टोअरमध्ये सोडियम नायट्रोप्रुसाइड आहे, स्वस्त आहे, अतिदक्षता विभागात रक्तदाब उतरवायला वापरतात. पण त्याच्या प्रत्येक रेणूत पाच सायनाइड आहेत, आणि सायनाइड स्वतः हीमच्या लोहाला चिकटतं. काम थांबलं तर श्रेय कुणाला द्यायचं? बाद. नोनोएट गटातली संयुगं उत्तम, ठरलेल्या वेगाने वायू सोडतात, पण आयात, महाग, आणि वीज गेली की डीप फ्रीजरचा भरवसा नाही.

एस-नायट्रोसोग्लुटाथायोन घरीच करता येतं. ग्लुटाथायोन, सोडियम नायट्राइट, आम्ल, बर्फ. मग अ‍ॅसिटोन टाकलं की गुलाबी साका खाली बसतो. ३३५ नॅनोमीटरला शोषण बघून शुद्धता समजते. उजेड आणि तांब्याचे अंश याला फोडतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि तिहेरी ऊर्ध्वपातित पाणी.

एक अडचण त्यातूनच निघते. मायक्रोसोमच्या बफरमध्ये सवयीने ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घालतात. ईडीटीए तांबं पकडतं, आणि तांबं पकडलं की हे संयुग वायू सोडायला आळस करतं. ईडीटीए काढून टाकलं.

१ जुलै

एन्झाइमचं काम मोजायला कुठलं 'औषध' द्यायचं, यावर आज लांब चर्चा झाली. मला वाटतं प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी दिवस हाच.

फार्मसी कॉलेजांत दोन चाचण्या पिढ्यान् पिढ्या चालतात. अ‍ॅनिलीनचं हायड्रॉक्सिलेशन आणि अमिनोपायरिनचं डीमेथिलेशन. दोन्हीत शेवटी ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल टाकून प्रक्रिया थांबवतात. आमच्या नळीत मात्र नायट्रिक ऑक्साइडपासून झालेलं नायट्राइट असणार. नायट्राइट, आम्ल आणि अ‍ॅनिलीन एकत्र आले की डायझोटायझेशन, म्हणजे नायट्राइट अ‍ॅनिलीनच्याच अमिनो गटाला गिळतं, बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल! नायट्राइट मोजायची ग्रीस चाचणी तरी दुसरं काय करते? सल्फानिलअमाइडचा असाच डायझो करून ५४० नॅनोमीटरला गुलाबी रंग वाचते. म्हणजे अ‍ॅनिलीन वापरलं तर एन्झाइम न अडताही आकडा खाली येईल. अमिनोपायरिनचं त्याहून वाईट. आम्लात नायट्राइटशी त्याची चटकन प्रक्रिया होऊन डायमिथाइल नायट्रोसअमाइन तयार होतं, कर्करोगकारक. ते नळीत नको आणि नाकातही नको.

पॅरा-नायट्रोअ‍ॅनिसोल घ्यायचं ठरलं. पी-४५० त्याचा मिथाइल गट काढतं, पॅरा-नायट्रोफिनॉल बनतं, आणि ७.८ पीएचला त्याचा पिवळा रंग ४०० नॅनोमीटरच्या आसपास थेट वाढताना दिसतो. आम्ल टाकायचंच नाही. वेग डोळ्यांसमोर.

नायट्रिक ऑक्साइड शोषून घ्यायला हिमोग्लोबिन घालायची सूचना आली होती. नेहमीची युक्ती आहे, पण हिमोग्लोबिनचा स्वतःचा मुख्य रंगबदल नेमका ४०० ते ४२०च्या पट्ट्यात होतो. इथे चालणार नाही. धुऊन काढणं हाच मार्ग.

८ जुलै

पहाटे खाटकाकडे. बकऱ्याची ताजी कलेजी, थेट बर्फात. (त्याने विचारलं, "ताई, सोबत गुर्दा देऊ का?" मॅडम म्हणाल्या, घ्यायला हवा होतास, मूत्रपिंडातल्या २०-हेट या पदार्थाच्या प्रकरणासाठी.) प्राणी प्रयोगासाठी मारायचा नाही, हा पहिला फायदा. तोटा हा की बकऱ्याची कलेजी म्हणजे माणसाचं सीवायपी-३ए४ नव्हे. प्रबंधात कुठेही ते नाव निकालांच्या प्रकरणात येणार नाही.

कलेजीत रक्त फार. तेच हिमोग्लोबिन, जे नायट्रिक ऑक्साइडला गिळतं आणि त्याचं नायट्रेट करून टाकतं. थंड १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडने तुकडे फिके पडेपर्यंत धुतले, मग सुक्रोजमध्ये वाटले. आमच्याकडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज नाही. शेंकमन आणि सिंटी यांची कॅल्शियमची पद्धत वापरली: मायटोकाँड्रिया खाली बसवून वरच्या द्रवात ८ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, की मायक्रोसोम गोळा होतात आणि २७,००० जी-वर पंधरा मिनिटांत खाली येतात. एक लाख जी-ची गरज नाही. इथेही ईडीटीए नकोच होतं, कॅल्शियम पळवलं असतं. बरं झालं.

११ जुलै

पाऊस, लोडशेडिंग. फक्त बफर केले.

१५ जुलै

कार्बन मोनॉक्साइडचा वर्णपट. उरलंसुरलं हिमोग्लोबिन ४२०कडे फसवं शिखर देतं, म्हणून दोन्ही क्युव्हेटमध्ये वायू सोडला आणि डायथायोनाइट (लोहाला क्षपित करणारं रसायन) फक्त एकात टाकलं. हिमोग्लोबिनचा भाग वजा झाला. ४५०ला नीट शिखर आहे, ४२०ला खांदा नाही. एन्झाइम मेलेलं असतं तर पी-४२० (त्याचं बिघडलेलं, ४२०ला शिखर देणारं रूप) दिसलं असतं. खाटीक भरवशाचा आहे.

२२ जुलै

आजपासून खरी तपासणी. पाच नळ्या: काहीच न घातलेली, नुसतं नायट्राइट, ऑक्सिडीकृत ग्लुटाथायोन, उजेडात ठेवून रंग उडवलेलं जुनं दाता-संयुग, आणि ताजं गुलाबी संयुग. पहिल्या चारांत पिवळा रंग जवळपास सारख्या वेगाने चढतो. पाचवीत रेषा झोपते. कर्मचारी मामांनासुद्धा पाचवी नळी ओळखू आली.

मधल्या तीन नळ्यांत वायू सोडून झाल्यावर उरणारे पदार्थ आहेत. त्या कंटाळवाण्या, पण त्यांच्याशिवाय पाचवीला अर्थ नाही.

२९ जुलै

विभागात सेमिनार. अर्धा वेळ सॉर्बिट्रेटवर (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) गेला. अपेक्षितच, कारण प्रत्येकाच्या घरात कुणाच्या तरी खिशात ती गोळी असते. तिथे नातं उलट दिशेने आहे: एन्झाइम औषधाला नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेवर आणतं. त्याच जातीच्या नायट्रोग्लिसरीनच्या बाबतीत ते एन्झाइम पी-४५० असावं असं बराच काळ मानलं जायचं. २००२ मध्ये स्टॅमलर यांच्या गटाने मायटोकाँड्रियातलं अल्डिहाइड डिहायड्रोजनेज पुढे आणलं, तेच जे दारूपासून झालेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडतं. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांत त्याचा दुबळा प्रकार असतो. दारूने चेहरा लाल होणारे तेच.

सॉर्बिट्रेट आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा) एकत्र का नको, हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर यकृतात नाही, रक्तवाहिनीत आहे. एक सायक्लिक जीएमपी (वाहिनीला सैल हो सांगणारा रेणू) वाढवतं, दुसरं त्याला मोडू देत नाही, रक्तदाब धोक्याइतका कोसळतो.

आणि एका मुलाने विचारलं, मग तापात गोळ्या निम्म्या करायच्या का? नाही. थिओफिलिनसारखं अरुंद पट्टीचं औषध असेल तर डॉक्टरांना तापाची कल्पना द्यायची. मात्रा त्यांनी ठरवायची.

६ ऑगस्ट

धुण्याचा प्रयोग. मायक्रोसोमला दाता-संयुग लावायचं, ठरावीक वेळाने कॅल्शियमनेच पुन्हा खाली बसवायचं, स्वच्छ बफरमध्ये उचलायचं आणि मग वेग मोजायचा. थोडा वेळ लावलेली तुकडी धुतल्यावर बहुतेक पूर्वपदावर येते. तासभर लावलेली येत नाही.

ज्युनिअर मुलीने वहीत लिहिलंय: "एसटीच्या सीटवर रुमाल टाकलाय तोवर जागा अडली, नंतर सीटच फाडली." ठेवू दे, माझ्या परिच्छेदापेक्षा बरं आहे.

दुसऱ्या टप्प्यात नक्की काय मोडतं? सिस्टीनच्या गंधकावर नायट्रोसो गट बसत असेल तर डायथायोथ्रायटॉलने तो निघायला हवा. धुतलेल्या तुकडीला ते दिलं. काही काम परत आलं, सगळं नाही. म्हणजे गंधकाचा वाटा आहे आणि त्यापलीकडेही काहीतरी आहे. होलेनबर्ग यांच्या मिशिगनमधल्या गटाने पेरॉक्सिनायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडपासून होणारं जहाल संयुग) वापरून सीवायपी-२बी१ मध्ये १९०व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाचं नायट्रेशन दाखवलंय. असा बदल डायथायोथ्रायटॉलने उलटत नाही. पण आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर नाही, म्हणून टायरोसिनचं नाव चर्चेच्या प्रकरणात येईल, निकालात नाही.

वर्णपट घेताना धुणं दुप्पट महत्त्वाचं. नायट्राइट उरलं असेल आणि त्यावर डायथायोनाइट टाकलं तर त्यातूनच नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि फेरस हीमवर बसतो. ४५०चं शिखर आपोआप बुटकं. कुणी पेपरमध्ये 'पी-४५० नष्ट झालं' असं लिहिलं असेल तर मी आता आधी पद्धतीच्या भागात धुण्याचं वाक्य शोधते.

१३ ऑगस्ट

एनएडीपीएच असताना वायू लावला तर नुकसान जास्त होतं का, हे बघायचं होतं. तर्क असा: पी-४५०चं चक्र कधी कधी गळतं आणि सुपरऑक्साइड सुटतं. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड भेटले की क्षणात पेरॉक्सिनायट्राइट.

तर्क सुंदर, प्रयोग गढूळ. नुसतं एनएडीपीएच लावून ठेवलेल्या तुकडीतही पी-४५० घटतं, कारण मायक्रोसोमच्या पडद्यातल्या चरबीचं पेरॉक्सिडेशन सुरू होतं. ईडीटीए नसल्यामुळे लोहाला रान मोकळं. आणि नायट्रिक ऑक्साइड तर या पेरॉक्सिडेशनची साखळी तोडतो. म्हणजे तोच रेणू एका हाताने एन्झाइम मोडतो, दुसऱ्याने वाचवतो, आणि मी दोन्हींची बेरीज वाचणार. शिवाय एनएडीपीएच ग्रीस चाचणीत ढवळाढवळ करतं ते वेगळंच. मॅडमशी बोलून हा भाग प्रबंधातून काढला.

२१ ऑगस्ट

चर्चेचं प्रकरण. माणसाबद्दल काय लिहायचं यावर अडकले होते.

मानवी यकृतपेशीत दाहाच्या वेळचं सिंथेज असतं, यात शंका नाही; माणसातलं ते जनुक पहिल्यांदा मिळालं तेच यकृतपेशीतून, १९९३ मध्ये. पण उंदराच्या पेशी साध्या चिथावणीने जेवढा वायू ओततात तेवढा माणसाच्या पेशी ओतत नाहीत. माणसात पी-४५० खाली आणणारा बडा दलाल इंटरल्युकिन-६ (दाहाचा निरोप पोचवणारं प्रथिन) आहे. याचा पुरावा औषधाच्या पत्रकात आहे. संधिवाताच्या रुग्णांना इंटरल्युकिन-६चा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब दिलं, आणि एका आठवड्यात त्यांच्या शरीराला मिळणाऱ्या सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाचं प्रमाण ५७ टक्क्यांनी उतरलं. सीवायपी-३ए४ मोकळं झालं आणि औषध जोमाने मोडू लागलं. हा मुख्यतः जनुकाच्या पातळीवरचा खेळ आहे. त्यात नायट्रिक ऑक्साइडला नायक करायचा मोह मी टाळणार आहे, प्रबंधाचं शीर्षक त्याच्याच नावावर असलं तरी.

मूत्रपिंडाचा एक परिच्छेद मात्र ठेवते. तिथल्या बारीक धमन्यांत पी-४५०चं एक कुटुंब अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून २०-हेट बनवतं, जे वाहिन्या आवळतं. नायट्रिक ऑक्साइड त्या एन्झाइमच्या हीमवर बसतो, २०-हेट घटतं, वाहिनी सैलावते. इथे पी-४५० दाबणं हा अपघात नाही, वायूच्या नेहमीच्या कामाचाच भाग आहे.

२ सप्टेंबर

मॅडमच्या तीन पर्यायांपैकी दोन नळीत दिसले. तिसरा वाचनात भेटला, आणि शिवाय एक चौथा प्रकार निघाला, जो जूनमध्ये आम्ही धरलाच नव्हता. २००८ मध्ये मॉर्गन यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की उंदराच्या यकृतपेशीत सीवायपी-२बी प्रथिनं नायट्रिक ऑक्साइडमुळे प्रोटिआसोमकडे (पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राकडे) पाठवली जातात आणि काही तासांत संपतात. जनुक शाबूत, संदेश शाबूत, प्रथिन मात्र उचलून फेकलं. मानवी २बी६ बाबतही त्यांना तसंच दिसलं. एचआयव्हीवरचं एफाविरेन्झ मोडणारं आणि सायक्लोफॉस्फमाइडला कामाला लावणारं एन्झाइम हेच, त्यामुळे ही गोष्ट केवळ उंदरांची राहत नाही.

मायक्रोसोममध्ये प्रोटिआसोम नसतो, तेव्हा हे आमच्या टेबलावर दिसणं शक्य नाही. जिवंत पेशी लागतील. शेजारच्या जैवतंत्रज्ञान विभागात हेप-जी२ (यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या) पेशी आहेत, पण त्यांच्यात पी-४५० मुळातच नावापुरतं असतं. तिकडे जाऊन उपयोग नाही. हेपा-आरजी पेशी बऱ्या, त्यांचा खर्च पुढच्या प्रस्तावात मांडायचा. ज्युनिअर मुलीला तो विषय हवाय. दाता-संयुगाची उरलेली कुपी, ईडीटीए नसलेल्या बफरची कृती आणि खाटकाचा मोबाइल नंबर तिच्याकडे दिला.